फळ्यांखाली

द्वारकेतलं आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे, इमारतीतला शेवटचा मजला. घराला लागून आमच्या एकट्यांची गच्ची आहे आणि तिच्यासाठीच आम्ही हे घर घेतलं. बाकीच्या खोल्या उत्तरेला तोंड करून. डिसेंबर-जानेवारीत त्यांत भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि फरशीवर पाय ठेववत नाही. ऊन येतं ते फक्त गच्चीवर, सकाळी दहापासून तीन-साडेतीनपर्यंत.

माझी बायको पुण्याची. मीही पुण्याचाच, पण मला दिल्लीची थंडी लवकर अंगवळणी पडली, तिला कधीच नाही. ती जवळच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेतून आली की वह्यांचा गठ्ठा घेऊन गच्चीवर जायची. गच्चीचं सिमेंट थंडीत बर्फासारखं आणि उन्हाळ्यात तव्यासारखं. घरात आलो त्याच वर्षी तिने ठरवलं, इथे लाकडाचा डेक करायचा. कीर्ती नगरचा एक सुतार आला. आडवे वासे टाकून त्यावर पाइनच्या सव्वीस फळ्या त्याने स्क्रूने बसवल्या. पाणी वाहून जावं म्हणून फळ्यांमध्ये बोटभर फट आणि खाली वीतभर पोकळी. जाताना तो म्हणाला, "मॅडम, हर साल बारिश के बाद घिसाई और रंग. एक साल भी मत छोड़ना."

पहिली चार वर्षं आम्ही एकदाही चुकवलं नाही. दसरा झाला की पुढचे दोन रविवार डेकचे. मी रेगमालाने, म्हणजे पॉलिशपेपरने, फळ्या घासायचो आणि ती मागून रंग लावत यायची. रंग म्हणजे खरं तर लाकडात मुरणारं स्टेन, त्याच्याखाली लाकडाच्या रेषा दिसत राहतात. तिची एक पद्धत होती. ती पाटावर बसायची, एक फळी घ्यायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता ब्रश न्यायची. मध्ये थांबलं की तिथे वाळतो आणि मग जोड दिसतो, असं ती म्हणायची. एकदा फळी अर्ध्यावर असताना दाराची बेल वाजली. मी उठलो नाही म्हणून ती माझ्यावर ओरडली, पण हात थांबवला नाही. आमची मुलगी तेव्हा दहावीत होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू लाकडाला नेलपॉलिश लावतेयस काय?"

मग मुलगी कॉलेजसाठी बेंगळुरूला गेली. माझं ऑफिस गुरगावला हललं. एका वर्षी ऑक्टोबरमध्ये माझं एक मोठं काम चाललं होतं, आम्ही म्हटलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तिच्या शाळेचं काहीतरी निघालं. तिसऱ्या वर्षी कुणी विषयही काढला नाही. डेक राखाडी झाला, कडांना काळी बुरशी धरली, अनवाणी चाललं की पायात लाकडाची कुसळं जायची. आणि कबुतरं आली.

आधी दोन-चार होती. मग समोरच्या ब्लॉकच्या गच्चीवर एक वृद्ध गृहस्थ रोज सकाळी बाजरी टाकायला लागले आणि कबुतरं शेकड्यांनी आली. बाजरी तिकडे खायची आणि बसायला आमच्याकडे यायची. सकाळी डेकवर पांढऱ्या-हिरव्या विष्ठेचा थर असायचा. बायको शाळेला जायच्या आधी तो झाडायची. कोरड्या खराट्याने. ओलं केलं की चिकटतं, म्हणून वाळल्यावर. फटींवर विष्ठा अडकून राहायची आणि ती वैतागायची. मीच तिला एकदा चहाचा कप हातात घेऊन सांगितलं होतं, "अगं, गोळा कशाला करतेस? फटींतून खाली ढकल. पावसात वाहून जाईल."

तिने तसं करायला सुरुवात केली. तीन वर्षं ती रोज सकाळी ते फटींतून खाली ढकलत होती.

खोकला दुसऱ्या हिवाळ्यात सुरू झाला. दिल्लीत हिवाळ्यात कोण खोकत नाही? ऑफिसात अर्धे लोक खोकत असतात, मेट्रोच्या डब्यात खोकल्याचा आवाज थांबत नाही. मार्चमध्ये कमी झाला, आम्ही विसरलो. पुढच्या हिवाळ्यात परत आला आणि मार्चमध्ये गेला नाही. मे महिन्यात आम्ही दोघं मेट्रो स्टेशनचा जिना चढत होतो. ती मध्येच कठड्याला धरून उभी राहिली आणि लोकांना दिसू नये म्हणून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. मी विचारलं, "काय हरवलं?"

ती म्हणाली, "काही नाही. श्वास."

हसून म्हणाली. मीही हसलो.

एक्स-रे झाला, मग स्कॅन, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे. या डॉक्टर बाई वयाने आमच्याहून लहान, बोलायला शांत. त्यांनी पडद्यावरचं स्कॅन बराच वेळ पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घर में कबूतर हैं?"

मला वाटलं, पाळलेले आहेत का असं विचारतायत. मी म्हटलं, "पाले नहीं हैं. ऐसे ही आते हैं, सबके यहाँ आते हैं."

"सफाई कौन करता है?"

बायको म्हणाली, "मैं."

डॉक्टरांनी सांगितलं ते मला अजून त्या क्रमाने आठवतं. पक्ष्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ काही लोकांच्या फुप्फुसांना सोसत नाही. वर्षानुवर्षं ती आत गेली की फुप्फुस सुजतं, मग निबर होतं, मग नीट फुगत नाही. निबर झालेला भाग परत मऊ होत नाही. औषधांनी वेग कमी करता येईल, कदाचित. मी विचारलं, हे नक्की कबुतरांमुळेच का? त्या म्हणाल्या, शंभर टक्के कधीच सांगता येत नाही, या शहराची हवाही आहे. पण घरात कबुतरं असतील तर ती आधी बंद करा, जमलं तर घरच बदला.

आम्ही टॅक्सीने परतलो. घरी आल्यावर तिने काचेचं दार लावून घेतलं आणि डेककडे पाहत उभी राहिली.

मुलीने फोनवर ताबडतोब सांगितलं, "बाबा, उखाडून टाक ना तो डेक. बिल्कुल काढून टाक. आणि घर बदला." मलाही तेच पटत होतं. पण बायको ऐकेना. घर बदलायचं तर कुठे जायचं? कबुतरं नसलेलं घर दिल्लीत मिळेल, पण ऊन असलेलं, लिफ्ट असलेलं, हॉस्पिटलजवळचं? पुण्याला जावं तर माझी नोकरी अजून चार वर्षं बाकी, आणि तिथे तिचं कुणी उरलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मी उत्तरेकडच्या खोलीत ऑक्सिजनची नळी लावून बसणार नाही. एवढ्या घरात ऊन येतं अशी एकच जागा आहे. ती मला नीट करून दे."

मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, वर जाळी लावा, सगळं ओल्याने साफ करा, काम चालू असताना पेशंट घरात नको. साफ झाल्यावर उन्हात बसायला हरकत नाही.

मग आम्ही ठरवलं. तिची मोठी मावसबहीण, म्हणजे ताई, गाझियाबादला राहते, नवरा वारलेला, मुलं परदेशी. तिच्याकडे बायकोने तीन आठवडे राहायचं. तेवढ्यात मी डेक उघडून खालचं साफ करायचं, फळ्या घासायच्या, रंगवायच्या, वर जाळी बसवायची. कामाला माणूस का नाही लावला, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. दोन जण येऊन बघून गेले होते. फळ्या उचलायला दोघंही तयार नव्हते, वरूनच घासून रंग मारून देतो म्हणाले. आणि खरं सांगायचं तर मला ते स्वतः करायचं होतं. तीन वर्षं मी ते टाळलं होतं. आपण हे केलं तर काहीतरी भरून निघेल असं मला कुठेतरी वाटत होतं.

त्याआधी एक काम केलं. समोरच्या ब्लॉकमधल्या त्या गृहस्थांना भेटायला गेलो. ऐंशीच्या आसपासचे असतील. दार त्यांनीच उघडलं. घरात एकटेच. मला बसवलं, स्वतः जाऊन पाणी आणलं. मी बायकोच्या आजाराचं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, मध्ये मध्ये "राम राम" म्हणत होते. शेवटी मी विनंती केली, बाजरी टाकणं थांबवाल का?

ते गुडघ्यावर हात फिरवत बसले. मग म्हणाले, "बेटा, मेरी पत्नी डालती थी. तीस साल. जाते-जाते बस यही कहा था, मेरे कबूतरों को भूखा मत रखना. तुम बताओ, मैं कैसे बंद करूँ?"

मग मी पाण्याचा पेला रिकामा केला आणि नमस्कार करून निघालो. चार-पाच दिवस त्यांच्या गच्चीवर बाजरी कमी दिसली. मग पूर्वीसारखीच.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी बायकोला गाझियाबादला सोडलं. तिने बॅगेत चार साड्या, औषधांचा डबा आणि वह्या घेतल्या होत्या. शाळा तिने सोडली होती, पण काही मुलांचे पेपर ती अजून तपासून देत होती. निघताना तिने मला बजावलं, "रेषेच्या दिशेनेच घास. आडवं घासलंस तर ओरखडे दिसतील. आणि मास्क लाव."

"लावतो."

"साधा नको. जाड वाला."

मी सुट्टी घेतली होती. मंगळवारी सकाळी पहिली फळी काढायला बसलो. स्क्रू गंजलेले. निम्म्यांची डोकी स्क्रू-ड्रायव्हरखाली घासून गुळगुळीत झाली, ती छिन्नीने तोडावी लागली. पहिली फळी उचलायला दीड तास लागला.

खाली काय असेल याची मला कल्पना होती, तरी मी तयार नव्हतो. वीतभर पोकळी जवळजवळ भरली होती. पाऊस काहीही वाहून नेत नव्हता, पाणी जायची वाट केव्हाच बुजली होती. विष्ठेचे थरावर थर, वरचा कोरडा, राखेसारखा, खालचा दगड झालेला. त्यात पिसं, काड्या, तारांचे तुकडे, फुटकी अंडी, एक वाळलेलं पिल्लू. मी फवारणीच्या पंपाने पाणी मारत मारत खुरप्याने ते खरवडायला लागलो. चष्मा, हातमोजे, जाड मास्क, वरून प्लास्टिकचा कोट. दहा मिनिटांत चष्म्यावर वाफ धरायची. मी आत जाऊन मास्क काढून श्वास घ्यायचो आणि परत बाहेर. एवढा बंदोबस्त करूनही मला त्या जागी पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं. आणि ती साध्या साडीत, तोंडाला काही न बांधता, सकाळच्या घाईत, रोज.

अकरा पोती निघाली. लिफ्टमधून न्यायला सोसायटीने मनाई केली, ते बरोबरच होतं. मी ती एकेक करून जिन्याने खाली नेली.

संध्याकाळी फोन आला. तिने विचारलं, "काय निघालं खाली?"

मी म्हटलं, "थोडा कचरा होता. पानं वगैरे."

"इतकंच?"

"इतकंच."

ती मग म्हणाली, "जेवलास का?"

पुढचे दिवस घासण्यात गेले. उचललेल्या फळ्या मी आधी ब्रश आणि साबणाच्या पाण्याने धुतल्या, वाळवल्या, मग दोन विटांच्या चळतींवर ठेवून भाड्याच्या मशीनने घासल्या. राखाडी थराखालून पिवळसर लाकूड वर यायचं आणि पाइनचा तो चिकाचा वास सुटायचा. मला कबूल केलं पाहिजे, त्या वेळी मला बरं वाटायचं. सहा फळ्या आतून कुजल्या होत्या, बोट दाबलं की आत जात होतं. त्या बदलल्या. नव्या फळ्या जुन्यांशेजारी कच्च्या दिसत होत्या.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. ती विचारायची, आज कुठपर्यंत आलं? मी फोन फिरवून दाखवायचो. रंगाचे तीन नमुने मी एका तुकड्यावर लावून दाखवले.

"पहिला फार लाल आहे. हॉटेलासारखा."

"मधला?"

"मधला ठीक आहे. पण ओला नको दाखवूस. उद्या वाळल्यावर दाखव."

दुसऱ्या दिवशी वाळल्यावर दाखवला. ती म्हणाली, "हाच." तेवढ्यात तिला खोकला आला आणि फोन छताकडे वळला. मला मिनिटभर गाझियाबादच्या घरातला पंखा दिसत राहिला. परत आली तेव्हा तिचे ओठ मला जरा वेगळ्या रंगाचे वाटले. मी विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, "ताईंच्या घरात उजेड कमी आहे रे."

दिवाळी झाली. दिवाळीनंतर दरवर्षी येतं तसं ते धुरकं आलं. सकाळी समोरचा ब्लॉक दिसेना. सूर्य दुपारी बारा वाजता कागदाच्या चकतीसारखा. ओलाव्यामुळे पहिला हात वाळायला एक दिवस लागतो तिथे तीन लागले. मी रोज बोट लावून पाहायचो. तीन आठवडे संपले होते. मी फोनवर म्हटलं, "तू ये परत, दुसरा हात नंतर देऊ."

ती म्हणाली, "अर्धवट ठेवू नकोस. माझं इथे चांगलं चाललंय."

ते खोटं होतं. ताईंनी मला नंतर सांगितलं. त्या आठवड्यात तिला बाथरूमपर्यंत जाताना दोनदा बसावं लागत होतं. ताई मला फोन करायला निघाल्या की ती त्यांचा हात धरायची. "त्याचं काम होऊ दे. बरेच दिवसांनी तो काहीतरी मनापासून करतोय."

शनिवारी सकाळी मी दुसरा हात द्यायला घेतला. तिच्यासारखाच पाटावर बसलो. एक फळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुपारी अडीचच्या सुमारास बावीस फळ्या झाल्या होत्या आणि तेविसावी अर्ध्यावर होती, तेव्हा फोन वाजला. ताई. मी स्पीकरवर घेतला.

"अरे, तिला हॉस्पिटलमध्ये नेतोय. श्वास लागलाय खूप. अँब्युलन्स आलीये. तू ये."

"निघालो," मी म्हटलं.

आणि मग मी ती फळी पूर्ण केली.

हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही. मी फोन ठेवला, ब्रश उचलला आणि उरलेली अर्धी फळी टोकापर्यंत नेली. चार मिनिटं लागली असतील. घाई केली नाही. हात नीट चालत होता. त्या वेळी डोक्यात काय होतं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. काहीच नव्हतं, फक्त इतकंच की थांबलं तर जोड दिसेल. मग मी ब्रश तसाच डब्यात टाकला आणि रंगाच्या हातांनी खाली धावलो.

त्या चार मिनिटांनी काही फरक पडला नाही, हे मला माहीत आहे. वाटेत तासाभराची गर्दी होती आणि मी पोचलो तेव्हा तिला आत घेतलं होतं. तरीही.

ती नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. मुलगी पहिल्याच विमानाने आली. कॉरिडॉरमध्ये तिने माझ्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांत रंग होता. "बाबा, तू तीन हफ्ते तिला तिथे ठेवलंस," ती म्हणाली. "गाझियाबादमध्ये. दिवाळीत. एका लकडीच्या फ्लोअरसाठी."

"आईनेच सांगितलं होतं," मी म्हटलं.

"आई काहीही सांगेल यार! तू ऐकायचं असतं का?"

मी बाकावर बसलो. जरा वेळाने ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पण शब्द मागे घेतले नाहीत, आणि घ्यायलाच हवेत असं मला वाटलंही नाही.

बायको घरी आली ती ऑक्सिजनच्या मशीनसकट. मशीन बैठकीत, त्याला लांब नळी, ती स्वयंपाकघरापर्यंत पोचायची, गच्चीच्या दारापर्यंतही. पण दाराबाहेर नाही. तशीही तिला बाहेर नेण्यासारखी हवा नव्हती. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. काचेच्या दाराच्या फटी आम्ही चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. ती आत खुर्चीवर बसून डेककडे पाहायची. जाळी लागली होती. बाहेरून कबुतरं जाळीवर येऊन बसत, आपटत, उडून जात. रंग सुंदर आला होता. दवाचे थेंब त्यावर मण्यांसारखे उभे राहत. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने तो पुसत होतो. फक्त शेवटच्या तीन फळ्यांना दुसरा हात नव्हता. त्या फिक्या होत्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर एक दिवस पाऊस झाला आणि मग दोन दिवस जोराचं वारं सुटलं. तिसऱ्या दिवशी आकाश निळं होतं. मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, अर्धा तास, छोटा सिलिंडर बरोबर ठेवून. मी चिकटपट्टी कापली, दार उघडलं, तिला चाकांच्या खुर्चीतून डेकवर नेलं. पायांवर शाल घातली. तिने चपला काढायला सांगितल्या आणि पावलं फळ्यांवर टेकवली.

"गरम आहे," ती म्हणाली. डोळे मिटून बसली. वरून एक विमान गेलं, आवाज ओसरला.

मग तिने विचारलं, "त्या तीन फळ्या फिक्या का?"

"रंग संपला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. कोपऱ्यात, झाकण न लावलेला, अर्ध्याहून जास्त भरलेला डबा तसाच पडला होता. तिच्या अगदी समोर.

"लाव की मग," ती म्हणाली.

"वास येईल तुला. उन्हाळ्यात लावतो, तू ठीक झालीस की."

"बरं," ती म्हणाली. नळी नाकात नीट बसवली. आणि एकदम म्हणाली, "खाली खूप होतं ना रे?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच. पाऊस पडला की वास यायचा." ती जरा थांबली, श्वास घेतला. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, पुढच्या वर्षी उघडू."

चिडून नव्हती म्हणाली. ते खरंही होतं. मी तिच्या पायांपाशी फळीवर बसलो आणि मला काहीतरी बोलायचं होतं, पण तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थोडा वेळ बस. ऊन छान आहे." अर्ध्या तासाने मी तिला आत नेलं. त्यानंतर ती डेकवर गेली नाही. हवा परत बिघडली, मग ताप आला, मग परत हॉस्पिटल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी, मी चहा घेऊन येईपर्यंत ती गेली. मुलगी तिच्याजवळ होती.

समोरचे गृहस्थ भेटायला आले. काठी टेकत चार मजले चढून, कारण त्या दिवशी लिफ्ट बंद होती. तासभर बसले. जाताना हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना त्यांच्या गच्चीवर बाजरी टाकताना पाहिलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. काहीच आलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी दुसरा हात दिला नाही. पावसाळ्यात आधी त्या तीन फळ्या काळवंडल्या, मग बाकीच्याही. जाळी एका बाजूने सुटली आणि कबुतरं आत यायला लागली. मी दार उघडायचंच सोडून दिलं. ऑक्टोबरमध्ये मुलगी आली तेव्हा तिने काचेतून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, आता तरी काढू या ना." या वेळी मी हो म्हटलं. दोन कामगार आले, त्यांनी अर्ध्या दिवसात सगळं उखडलं. फळ्या त्यांना नको होत्या, म्हणून खाली पार्किंगच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या.

गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "साहब, ये लकड़ी हम ले लें? ठंड में काम आएगी."

मी म्हटलं, "जलाना मत. इस पर केमिकल है, धुआँ ज़हरीला होगा. फेफड़े खराब हो जाएँगे. मैं किसी से उठवा दूँगा."

"जी साहब," तो म्हणाला.

मी कुणाला बोलावलं नाही. डिसेंबर लागला. रचलेल्या फळ्या रोज एक-दोनने कमी होत गेल्या. मला ते दिसत होतं. जानेवारीतल्या एका सकाळी मी ऑफिसला निघालो तर गेटजवळ पत्र्याच्या डब्यात आग पेटली होती, भोवती तिघं हात शेकत बसले होते आणि धुरकं इतकं होतं की त्यांचे चेहरे दिसत नव्हते. मला पाहून तो वॉचमन उठून उभा राहिला.

"साहब, बहुत ठंड थी," तो म्हणाला.

"हो," मी मराठीतच म्हणालो. मग मेट्रोकडे चालायला लागलो.